वाचकांचे प्रश्न : वाचलेला प्रवास आणि केलेला प्रवास

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही दोघे येत्या माघात झाशी आणि काल्पी असा प्रवास करणार आहोत. गोडसे भटजींचे 1857 च्या उठावाच्या काळातील प्रवासवर्णन ‘माझा प्रवास’ जाण्यापूर्वी वाचावे की परतल्यावर? आधी वाचल्यास तेथे गेल्यावर निराशा होईल, असे मुलीचे म्हणणे आहे. दुसरे असे की, दर प्रवासात मी वही ठेवतो. पण घरी येऊन ती उघडली की गाड्यांच्या वेळा आणि पाहिलेल्या ठिकाणांची नावे यांपलीकडे तिच्यात काही सापडत नाही. माझे काय चुकते? — एक वाचक, सांगली

उत्तर : पुस्तक आधीच वाचावे. मुलीची शंका रास्त आहे, कारण भटजींनी पाहिलेली झाशी आज तेथे नाही. परंतु ती नाही हे कळण्यासाठीच आधी वाचायला हवे. 3 एप्रिल 1858 रोजी इंग्रज फौज शहरात शिरल्यानंतर जी लूट आणि जाळपोळ झाली, तिच्यात राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचा कसा नाश झाला, ते भटजींनी एखादे माणूस गेल्याच्या दुःखाने लिहिले आहे. राणीमहालात आज प्राचीन शिल्पे मांडलेली आहेत आणि ती पाहण्यासारखीही आहेत. मात्र ज्याने ते पान वाचलेले नाही, त्याला या शहरात पोथ्यांचे एवढे मोठे भांडार होते याची कल्पनाही येणार नाही, आणि तो शिल्पे पाहून समाधानाने बाहेर पडेल. मला ही गोष्ट निराशेपेक्षा अधिक वाईट वाटते.

आता वहीविषयी. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे घरातले कर्ज फेडायला म्हणून निघाले होते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असून तेथे दक्षिणा भरपूर मिळेल, असे त्यांच्या कानावर आले होते. वाटेत 1857 चा उठाव आडवा आला. त्यामुळे युद्धाच्या धामधुमीतही ते पाहतात ते गरजू भिक्षुकाच्या नजरेने: मिळालेली दक्षिणा किती, ती लपवावी कुठे, आज अन्न मिळेल का, पाणी कुठल्या विहिरीचे. काल्पीच्या वाटेवर दमून आलेली राणी त्यांना भेटते तीही विहिरीवरच. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणून ती स्वतः पाणी शेंदते आणि ओंजळीने पिते. राणीविषयी कितीही गौरवपर लेखन वाचले तरी माझ्या मनात पहिल्याने उभी राहते ती हीच राणी. पुढे भटजींनी मिळवलेले लुटले गेले, आणि आईवडिलांसाठी वरसईला पोचली ती गंगाजलाची कावड.

आपल्या वहीत हेच राहून जाते, असे मला वाटते. आमचे वडील प्रवासात टिपणे ठेवत आणि आई खर्चाची वही ठेवत असे. नाशिक-त्र्यंबकच्या एका प्रवासाच्या दोन्ही वह्या माझ्याजवळ आहेत. वडिलांच्या टिपणांत कुंडे आणि देवळे क्रमाने आहेत. आईच्या वहीत टांग्याचे भाडे आहे, धाकट्याला ताप आला म्हणून रात्री मागून आणलेले दूध आहे आणि दूधवाल्या बाईने पैसे घेतले नाहीत, एवढी एक ओळ आहे. तो प्रवास आम्हा भावंडांना आठवतो तो आईच्या वहीमुळे. म्हणून स्थळांची नावे खुशाल गाळा, ती कोणत्याही माहितीपत्रकात मिळतील. कोणी वाट दाखवली, कशाला किती पडले, जेवताना कशाची आठवण झाली, कोणते बोलणे अर्धवट राहिले, हे मात्र त्याच रात्री लिहा. भटजींनी सुमारे पंचवीस वर्षांनी आठवून लिहिले. तशी स्मरणशक्ती आपल्याला नाही, हे गृहीत धरलेले बरे.

पुस्तक घेताना आवृत्ती पाहून घ्या. 1907 साली चिंतामण विनायक वैद्य यांनी ते प्रथम प्रसिद्ध केले तेव्हा मूळ मजकुरात पुष्कळ फेरफार केले होते. भटजींचा मूळ मजकूर दत्तो वामन पोतदार यांनी 1966 मध्ये प्रसिद्ध केला. या मूळ संहितेचीच प्रत मिळवा. भाषा पहिली काही पाने अडेल, मग कानाला सवय होते. तिकीट काढताना झाशीच्या स्थानकाला आता वीरांगना लक्ष्मीबाई यांचे नाव आहे, हे ध्यानात ठेवा. आणि लक्ष्मीताल या तलावाजवळची, राणीचे पती गंगाधरराव यांची छत्री (समाधीवरचे स्मारक) पाहायला संध्याकाळची वेळ राखून ठेवा.