पोरगं हरिपूरला सायकलनं जायचं म्हणतंय

प्रश्न : काका, मुलगा साडेसहा वर्षांचा आहे. दिवाळीत त्याच्या सायकलची बाजूची चाकं काढली, आता कॉलनीत सुसाट पळवतो. येत्या रविवारी बाबांबरोबर हरिपूरला, संगमेश्वराला सायकलनं जायचं म्हणून हट्ट धरून बसलाय. आम्ही विश्रामबागला राहतो. हे म्हणतात, ‘त्याच्या वयात मी बुधगावपर्यंत जायचो.’ सासूबाईंचा साफ नकार. पाठवू का? – एक आई, सांगली

उत्तर : पाठवा, ताई. पण घरापासून नको. सांगली-मिरज रस्ता ओलांडताना मोठ्यांची तारांबळ उडते. सायकल रिक्षात घाला, बागेतल्या गणपतीपाशी उतरवा आणि तिथून चालवू द्या. यजमानांच्या बुधगावाबद्दल मला शंका नाही, पण तेव्हाचा रस्ता वेगळा होता.

माझंच सांगतो. 1994 साली मी थोरलीला हरिपूरला नेलं. ती सहा वर्षांची. माझं सायकलचं दुकान, त्यामुळं यातलं आपल्याला सगळं कळतं हा माज. जाताना पोरगी घंटी वाजवत, गप्पा हाणत माझ्या पुढं. घाटावर पाण्यात खडे मारून झाले, खाऊन झालं. परत निघालो आणि शंभर पावलांवर तिनं सायकल आडवी टाकली. ‘बाबा, आता तुम्हीच चालवा.’ मी एकटा, सायकली दोन. तिला माझ्या कॅरिअरवर बसवलं, एका हातानं माझी सायकल आणि दुसऱ्या हातानं तिची ढकलत निघालो. छोट्या सायकलचं हँडल सारखं वळायचं आणि पायडल नडगीवर बसायचं. तो वण अजून आहे. परतीपुरता दम राखून ठेवायचा हे पोराला कळत नाही, ते बापानं बघायचं. खूण सोपी आहे : बडबड थांबली की दम संपत आला. तिथूनच मागं फिरायचं, देऊळ दिसत असलं तरी.

आता रविवारच्या आधी एक काम करा. त्याच्या चपला उलट्या करून बघा. टोकं घासलेली असतील तर पोरगं ब्रेकनं नाही, पायानं थांबतंय. माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या सात पोरांचं हेच असतं. दोष त्यांचा नाही, बोटंच ब्रेकपर्यंत पोचत नाहीत. बऱ्याच सायकलींना ब्रेकच्या दांडीला मुठीजवळ एक बारका स्क्रू असतो. तो आवळला की दांडी मुठीकडं सरकते. मग कॉलनीत खडूनं रेघ मारा आणि जोरात येऊन रेघेच्या आत थांबायला सांगा. पाचातनं पाचदा थांबला तरच हरिपूर. चारदा थांबला तर पुढचा रविवार. तोल कुणालाही येतो हो, थांबायला शिकवावं लागतं.

शिकताना दोन्ही पाय पूर्ण टेकतील अशी सीट ठेवली असेल, ती आता इंचभर वर घ्या, चवडे टेकले म्हणजे झालं. खाली सीटवर गुडघे दुमडून पायडल मारलं की मांड्या लवकर भरून येतात. माझ्या पोरीची सीटही खालीच होती, हे मला वर्षभरानं सुचलं. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, डोक्याच्या मागं ढकललेलं नको. पायात बूट.

रस्त्यावर मुलगा डाव्या कडेनं पुढं आणि बाबा त्याच्या मागं, थोडे उजवीकडं. मागून सारख्या हाका मारायच्या नाहीत. पोर वळून बघतं आणि मान जिकडं वळते तिकडं हँडल वळतं. ‘थांब’ आणि ‘कडेला’, एवढे दोनच शब्द ठरवा. सध्या उसाचा हंगाम आहे. ट्रॅक्टर दिसला की खाली उतरून कडेला उभं राहायचं आणि दुसरी ट्रॉली गेल्याशिवाय हलायचं नाही. पहिली गेली की पोरं निघतात, तिथंच घात होतो. बाभळीच्या काट्यांमुळं रस्ता सोडून मातीत मात्र चालवायची नाही.

निघा सकाळी सातच्या आत. संगमावर वारणा कृष्णेला मिळते ती जागा दाखवा, अर्धा तास बसू द्या. हळदीच्या पेवांची गोष्ट सांगा. जमिनीखालच्या त्या खड्ड्यांत हळद साठवायचे, 2005 च्या पुरात त्यांतली बरीच पेवं गेली. माझ्या थोरलीला ‘आत उतरलं की काय होतं’ यातच सगळा रस होता.

आणि सासूबाईंना घरी ठेवू नका. ज्या रिक्षातून सायकल जाईल तिच्यातच त्यांना बसवा आणि भडंगाची पुडी देऊन पुढं घाटावर पाठवा. नातू येताना दिसला की त्यांचं त्या बघून घेतील. परतीला बडबड बंद झाली तर आजी, नातू, सायकल सगळं त्याच रिक्षात. थांबायचे पैसे तेवढे रिक्षावाल्याशी आधी ठरवा.