आईला घेऊन हिमनदीवर जाऊ का?

प्रश्न : सप्टेंबरमध्ये आईसोबत आइसलँडची ग्रुप टूर करतोय. आई ६३ची आहे, रोज चालते, पण गुडघा थोडा कुरकुरतो. सोल्हेमायोकुलवरचा ग्लेशियर वॉक तिला झेपेल का?

उत्तर : झेपेल असं वाटतं, पण आधी डॉक्टरांना विचारा आणि सगळ्यात सोपा वॉकच बुक करा. बुटांना लोखंडी काट्यांचे क्रॅम्पॉन लावतात, मग पाय सपाट, जरा आपटूनच टाकायचा, टाच आधी टेकवायची सवय तिथे सोडावी लागते आणि गुडघ्याला खरा त्रास होतो तो उतरताना, म्हणून गाईडला सुरुवातीलाच सांगून ठेवा, लाजू नका. गाईडशिवाय बर्फावर अजिबात नाही, भेगा वरून दिसत नाहीत.

बर्फात काळे पट्टे दिसतील, ती घाण नाही हो, ज्वालामुखीची राख आहे! ही हिमनदी ज्या मोठ्या बर्फाच्या टोपीतून उतरते तिच्याखाली कातला ज्वालामुखी आहे, १९१८ साली मोठा फुटलेला. आईला तो पट्टा हाताने चोळून बघायला सांगा, बोटं काळी होतात.

आणि रेनिसफ्यारा किनाऱ्यावर समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका, लाट अचानक आत येते, माणसं गेलीत तिथे. किनाऱ्यामागचे बसाल्टचे, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या खडकाचे, खांब मात्र निवांत बघा, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचीच जात.