शब्दच नसलेली ग्राफिक कादंबरी वाचायची कशी?

तुम्ही विचारलंय की चित्रकार-लेखक शॉन टॅनची 'द अरायव्हल' ही बिनशब्दांची, नुसत्या चित्रांतून सांगितलेली कादंबरी पंधरा मिनिटांत संपली, चित्रं आवडली, पण त्या शेपट्या, ते विचित्र प्राणी, ती न वाचता येणारी अक्षरं या सगळ्याचा अर्थ काय?

अर्थ लावायच्या मागे लागू नका. गोष्ट अगदी साधी आहे: एक माणूस बायको-मुलीला मागे ठेवून पोटासाठी परक्या शहरात जातो. आम्हा कोकणातल्यांना हे समजावून सांगायला नको. मालवण-वेंगुर्ल्याच्या बंदरातून आगबोटीने मुंबई गाठणारे चाकरमानी घरोघरी होते. पण मुंबईत उतरल्यावर त्यांना कसं वाटलं असेल, ते मला या पुस्तकाने दाखवलं. टॅनने शहराची लिपीच स्वतः बनवलीय, त्यामुळे पाटी गोष्टीतल्या त्या माणसालाही वाचता येत नाही आणि आपल्यालाही. तो भिंतीवर पोस्टर चिकटवायचं काम धरतो आणि उलटी चिकटवतो. आपल्याला तरी सुलट कुठली ते कुठे कळतं? स्वप्नासारखं वाटतं ते यामुळे.

आता चित्रांकडे या. सगळं काम पेन्सिलचं आहे, आणि रंग जुन्या अल्बममधल्या फोटोंचा, डाग नि चुण्यांसकट. पहिल्या पानावरच्या नऊ चौकटी बघा: कागदाचा पक्षी, घड्याळ, टोपी, किटली वगैरे. पुढे परक्या शहरात याच तऱ्हेच्या वस्तू वेगळ्या आकारात भेटतात. वस्तू आणि माणसांचे हात इतके खरे काढलेत, की भाड्याच्या खोलीतल्या भांड्यातून निघालेला तो पांढरा प्राणीही आपण मुकाट मान्य करतो. सगळंच वेडंवाकडं काढलं असतं तर काहीच विचित्र वाटलं नसतं, असं माझं मत. आणि बोटीच्या प्रवासात फक्त ढगांच्या साठ चिमुकल्या चौकटी येतात, त्या तर तुम्ही नक्की भराभर उलटल्या असणार! त्या एकेक करून बघा, दिवस जाता जात नाहीत म्हणजे काय ते कळेल. गावाच्या घरांवरून फिरणाऱ्या त्या काळ्या शेपट्या कसल्या, हे पुस्तक शेवटपर्यंत सांगत नाही. संकट आहे एवढं कळतं, तेवढं पुरे.

माझा उपाय कुडाळजवळच्या पिंगुळीचा आहे. तिथले चित्रकथी एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातली कथा गाऊन सांगतात, पुढचं चित्र येईपर्यंत नजर हलत नाही. तसंच करा. घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवा आणि प्रत्येक पानावर काय चाललंय ते मोठ्याने सांगा. आमच्याकडे आईला सांगायला बसलो, तर निम्म्यातून तीच मला सांगायला लागली.

आणि मोबाईलवर पीडीएफ बघत असाल तर थांबा. शहराची मोठी चित्रं दोन पानांवर पसरलीत, स्क्रीनवर ती मधोमध तुटतात. छापील प्रतच मिळवा, २००६ चं पुस्तक आहे, वाचनालयात विचारून बघा.