व्हीएफडीमुळे वजनकाटा नाचतोय, ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळू का?

प्रश्न: पॅकिंग शेडमधल्या पंख्याला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) बसवल्यापासून वजनकाट्याचं रीडिंग स्थिर राहत नाही. काट्याला आणि पॅनलला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळली तर फायदा होईल का? आमचा वायरमन म्हणतो, इलेक्ट्रॉनिक्ससाठी वेगळा अर्थिंगचा खड्डा घ्या.

उत्तर:

फॉइल गुंडाळू नका. खड्डा तर मुळीच घेऊ नका. तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो, कारण नाशिकच्या अंबड एमआयडीसीत पॅनल बनवायला लागल्यापासून या "वेगळ्या खड्ड्या"वरून माझी भांडणं चालू आहेत.

दिंडोरीच्या बाजूला द्राक्षाचं एक पॅकहाऊस आहे, अगदी तुमच्याच परिस्थितीतलं. ऐन सीझन, मार्च महिना, माल कंटेनरला लावायची घाई. प्रीकूलिंगच्या पंख्यांना नवीन ड्राइव्ह लावले आणि त्या दिवसापासून 500 ग्रॅमच्या पनेटचे (द्राक्ष भरायच्या छोट्या डब्यांचे) काटे नाचायला लागले. 503, 489, 511, परत 496. पनेट भरणाऱ्या बायका दोन-चार मणी काढायच्या, परत टाकायच्या. कमी भरलं तर माल तिकडे रिजेक्ट होतो, म्हणून शेवटी जास्तच भरायच्या, आणि ते जास्तीचं द्राक्ष मालकाच्या खिशातून जायचं.

मालकाने आधी एका कन्सल्टंटना बोलावलं होतं. त्यांचं निदान ठरलेलं: अर्थिंग खराब आहे, इलेक्ट्रॉनिक्सला "क्लीन अर्थ", म्हणजे बाकीच्यांपासून वेगळं अर्थिंग हवं. शेडच्या मागे नवीन खड्डा झाला. आपल्याकडे वीतभर माती काढली की खाली काळा पाषाण, त्यामुळे ब्रेकर लावून खणला. केमिकल अर्थिंग, तांब्याची पट्टी, पट्टीपासून काट्यांपर्यंत वेगळी हिरवी वायर. बिल चांगलं दणदणीत झालं. काटे तसेच नाचत राहिले. मग ते म्हणाले, उन्हाळा आहे, खड्डा सुकलाय, रोज पाणी घाला. माणूस बादल्या ओतत बसला.

मी गेलो तेव्हा पहिली कामाची गोष्ट मला टेबलावरच्या एका ताईंनी सांगितली. "दादा, पंखा बंद झाला की काटा गप बसतो. पंखा हळू असला तरी नाचतो, जोरात असला तरी तेवढाच नाचतो." एवढं निरीक्षण कोणी मीटर लावूनही केलं नव्हतं. मोटरच्या लोडमुळे असतं तर पंख्याच्या वेगाबरोबर कमी-जास्त झालं असतं. तसं होत नव्हतं, म्हणजे त्रास ड्राइव्हच्या स्विचिंगचा होता.

दोन्ही बाजूंचे आकडे शेजारी ठेवून बघा. लोडसेल, म्हणजे काट्यातला वजनाचा सेन्सर, 2 मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा, एक्सायटेशन (त्याला दिलेला व्होल्टेज) 10 व्होल्ट, म्हणजे पूर्ण वजनाला 20 मिलिव्होल्ट. सेल 15 किलोचा असेल तर एका ग्रॅमला सव्वा मायक्रोव्होल्टच्या आसपास. आणि ड्राइव्हमध्ये 415 व्होल्टचं डीसी केलं की बसवर (ड्राइव्हच्या आतल्या डीसी पट्ट्यांवर) 585 व्होल्ट होतात. आयजीबीटी, म्हणजे ड्राइव्हमधला इलेक्ट्रॉनिक स्विच, ते सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो, तेही मायक्रोसेकंदापेक्षा कमी वेळात. त्या प्रत्येक ठोक्याला मोटरच्या केबलमधून, मोटरच्या बॉडीतून थोडा करंट धातूत उतरतो.

हा करंट जमिनीत जाऊन मुरत नाही. मूळ वाद इथेच आहे. तो ड्राइव्हमधून निघतो आणि त्याला ड्राइव्हकडेच परत जायचं असतं. जवळचा, रुंद, धातूचा रस्ता दिला तर त्यानेच जातो. नाही दिला तर टेबलाच्या फ्रेममधून, काट्याच्या केबलमधून, मिळेल तिथून जातो. 30 मीटर लांब वायरने जोडलेल्या खड्ड्याचा इथे उपयोग शून्य. सरळ वायरला मीटरमागे साधारण 1 मायक्रोहेन्री इंडक्टन्स (झपाट्याने बदलणाऱ्या करंटला अडवण्याचा गुण) धरा. 30 मीटरला 1 मेगाहर्ट्झवर दोनशेच्या आसपास ओहम होतात. मग खड्डा एक ओहमचा आहे की पाच ओहमचा, काय फरक पडतो? आपल्या ओझरला एचएएलमध्ये सुखोई तयार होतं. आकाशात गेल्यावर त्याला कुठला खड्डा आणि कुठला केमिकल अर्थ? तरी रडारपासून सगळं इलेक्ट्रॉनिक्स चालतं, कारण बॉडी, केबलचे शील्ड आणि कनेक्टर एकमेकांना नीट जोडलेले असतात. हे मी त्या कन्सल्टंटना तोंडावर विचारलं होतं. उत्तर आलं नाही.

पॅकहाऊसमध्ये मोटरची केबल शील्डेडच (आतल्या वायरींभोवती धातूची जाळी असलेली) होती, चांगली महागाची. पण ड्राइव्हच्या बाजूला वायरमनने शील्ड सोलून, पिळून त्याचं शेपूट केलं होतं आणि लग मारून पॅनलच्या दुसऱ्या टोकाच्या अर्थ बारला नेलं होतं. नुसत्या 20 सेंटिमीटर शेपटीला 10 मेगाहर्ट्झवर साडेबारा ओहम होतात, हे तर त्याहून लांब होतं. मोटरच्या बाजूला शील्ड कापून त्यावर टेप गुंडाळलेली. आणि ही केबल काट्यांच्या केबलसोबत एकाच ट्रेमध्ये, बांधून.

शेपूट काढलं. ड्राइव्हच्या खालच्या जीआय प्लेटवर केबलचं बाहेरचं आवरण दोन बोटं सोललं आणि शील्ड सगळ्या बाजूंनी दाबून धरेल अशी धातूची क्लँप लावली. मोटरच्या टर्मिनल बॉक्सला शील्ड पकडणारी पितळी ग्लँड (केबल आत जाते तिथली आवळायची कडी) बसवली. पॅनलचा दरवाजा पावडर कोटेड होता. बिजागरीवर भरवसा ठेवायचा नसतो, म्हणून रंग खरवडून विणलेली रुंद पट्टी जोडली. काट्यांच्या केबल ट्रेमधून काढून हातभर लांब नेल्या, जिथे ओलांडायच्या तिथे काटकोनात ओलांडल्या. तो दूरचा नवीन खड्डा मुख्य अर्थ बारला जोडून टाकला, कारण दोन सुटे खड्डे धोक्याचे असतात. जवळ वीज पडली किंवा फॉल्ट झाला तर दोन्हींमध्ये मोठा व्होल्टेज उभा राहतो आणि तो तुमच्या काट्यातून, कधी हात लावलेल्या माणसातून जातो.

पंखा सुरू केला. 502, 502, 502. मालकासमोर ड्राइव्ह बंद करून शील्ड क्लँपमधून काढलं, परत शेपूट करून लावलं आणि पंखा चालू केला, तर काटा लगेच नाचला. परत क्लँप लावली, परत शांत. खड्डा तोच, वायरी त्याच.

पुढे कळलं की कन्सल्टंट दुसऱ्या पॅकहाऊसवाल्यांना सांगत होते, "बघा, खड्डा मुरायला वेळ लागतो, आता तिथले काटे स्थिर झाले." याचा राग मला अजून आहे, कारण त्या बोलण्यावर पुढे आणखी लोकांनी पाषाण फोडून खड्डे घेतले.

फॉइलचं म्हणाल तर, फॅरेडेने 1836 साली धातूने मढवलेल्या खोलीत बसून दाखवलं ते खरंच आहे, उच्च फ्रीक्वेन्सीला पातळ पत्राही थोपवतो. पण तुमचा नॉइज, म्हणजे ड्राइव्हचा हा विद्युत त्रास, बहुतेक हवेतून येत नाही, वायरींवर बसून येतो आणि वायरी फॉइलला भोकं पाडूनच आत जाणार. 50 हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला तर ॲल्युमिनियममध्ये अर्ध्याहून जास्त कमी व्हायलाच जवळपास 12 मिलिमीटर जाडी लागते, स्वयंपाकघरातली फॉइल त्याला जाणवतही नाही. वर ड्राइव्हच्या पॅनलची हवा कोंडली जाईल ती वेगळी.

आधी फुकटात होणारं करून बघा. ड्राइव्हला सप्लाय चालू ठेवा पण रन देऊ नका. काटा शांत असेल आणि रन दिल्याबरोबर नाचत असेल तर दोष मोटरच्या केबलचा. मग कॅरिअर फ्रीक्वेन्सी, म्हणजे ड्राइव्हच्या चालू-बंदचा वेग, 2–4 किलोहर्ट्झपर्यंत खाली आणा. मोटर किणकिणेल, पण नॉइज कमी होईल. फेराइटची रिंग लावणार असाल तर तीनही फेज एकत्र तिच्यातून न्या, अर्थची वायर नको.

दोन-तीन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. पॅनल उघडण्याआधी सप्लाय बंद करून ड्राइव्हच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबा आणि डीसी बस मीटरने तपासा, कपॅसिटर चार्ज धरून बसतात. माझ्या बोलण्याचा अर्थ अर्थिंग काढा असा नाही. सुरक्षेचं अर्थिंग हवंच, त्यावर तडजोड नाही. शील्ड दोन्ही टोकांना जोडायचं ते मोटरच्या केबलचं. लोडसेलच्या केबलचं शील्ड सहसा फक्त इंडिकेटरच्या (वजन दाखवणाऱ्या डब्याच्या) बाजूला जोडतात, नाहीतर ग्राउंड लूप होतो, म्हणजे शील्डमधूनच नको तो करंट फिरायला लागतो. काट्याच्या कंपनीने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. शील्डेड केबल नसेल आणि आर्मर्ड (बाहेरून लोखंडी तारांचं कवच असलेली) असेल तर आर्मर दोन्ही बाजूंना ग्लँडमध्ये नीट पकडा, बऱ्याच वेळा तेवढ्यानेही भागतं.

आणि रीडिंग नाचत नसून हळूहळू एकाच दिशेला सरकत असेल, विशेषतः शेड धुतल्यावर, तर तो नॉइज नव्हेच. लोडसेलच्या जंक्शन बॉक्समध्ये पाणी गेलंय. उघडा, सुकवा, ग्लँड आवळा आणि सिलिका जेलची पुडी टाकून बंद करा.