‘पुन्हा फसले तर?’

मोठ्या शहरात फिरायला जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, अशी तक्रार घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणारी माणसं अलीकडे बरीच भेटतात. बहुतेक साठीच्या आसपासची. मुलं दिल्ली-बंगळूरला किंवा परदेशात, तिकिटं मुलांनीच काढून पाठवलेली, आणि इकडे आईबाबांची झोप उडालेली. ‘तिथे कोणी लुबाडलं तर?’ हा त्यांचा प्रश्न. ज्यांना एकदा फटका बसलाय, ते मात्र ‘पुन्हा फसले तर?’ असं विचारतात. हा दुसरा प्रश्न मला जास्त अवघड वाटतो. अशाच एका काकूंची हकिकत त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

काकू बडोद्याच्याच, दांडिया बाजारातल्या. सगळी नोकरी शाळेत गणित शिकवण्यात गेली. मुलगी पॅरिसला असते. तिने व्हिसाचे कागद जमवले, विमानाची तिकिटं काढली, आणि जायचे दिवस जवळ आल्यावर काकू म्हणाल्या, ‘माझे गुडघे दुखतात, तुम्ही एकटे जाऊन या.’ म्हणून काका त्यांना घेऊन माझ्याकडे आले.

‘गुडघे-बिडघे काही नाहीत हो. दिल्लीचं भूत आहे मानगुटीवर,’ काका म्हणाले, आणि किस्सा सांगायला त्यांनी सुरुवातही केली. तो त्यांनी अनेकदा सांगितलेला आहे हे लगेच कळत होतं. कुठे थांबायचं, कुठे आवाज बदलायचा, सगळं बसलेलं.

झालं होतं असं. दोघं आग्र्याची गाडी पकडायला नवी दिल्ली स्टेशनवर पहाडगंजच्या बाजूने शिरत होते. सामान तपासायच्या यंत्रापाशी गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक जण आडवा आला आणि तिकीट बघायला मागितलं. काकूंनी दिलं. ‘हे कन्फर्म नाही, यावर शिक्का लागतो, ऑफिस कॅनॉट प्लेसला आहे,’ तो म्हणाला. रिक्षाही त्यानेच थांबवली, भाडंही अगदी वाजवी. ऑफिसात भारताचा मोठा नकाशा, टेबलावर झेंडा, पाणी, चहा. तिथल्या माणसाने स्वतःच्या फोनवरून ‘रेल्वेला’ फोन लावून काकूंच्या हातात दिला. पलीकडून आवाज आला, गाडी रद्द झाली आहे. मग आग्रा-मथुरेची टॅक्सी, मुक्कामासकट, दुपटी-तिपटीच्या दराने. गाडी अर्थातच वेळेवर सुटली होती, यांच्या दोन सीट रिकाम्या घेऊन.

काका हसत होते. काकू पर्सच्या चेनशी चाळा करत होत्या, उघड-मीट, उघड-मीट. मी काकांना खाली चहा पिऊन यायला सांगितलं.

ते गेल्यावर काकू म्हणाल्या, ‘पैशांचं दुःख दोन दिवसांत संपलं, ताई. पण गणपतीला सगळे जमले की कोणीतरी म्हणतंच, काकू, तो दिल्लीचा किस्सा सांगा ना. भाऊबीजेला परत तेच. मी मुलांना परीक्षेत फसवी उदाहरणं घालायचे. आणि मला एवढं साधं दिसलं नाही?’

एक गोष्ट माझ्या कानाला खटकली होती. पैसे काकांच्या फोनवरून गेले होते. रिक्षात पुढे होऊन काकाच बसले होते. पण किस्स्यात फसल्या त्या काकू, कारण तिकीट त्यांनी काढून दाखवलं होतं. घरोघरी हे बघते मी. फसवणूक दोघांची होते आणि नंतर तिची मालकी एकाच्याच नावावर चढते.

म्हणजे काकूंना भीती पॅरिसच्या चोरांची नव्हतीच फारशी. आणखी एक किस्सा तयार होईल, आणि तो या वेळी मुलीच्या आणि जावयाच्या देखत, याची होती.

‘मला दिसलं कसं नाही’ याचं उत्तर त्यांना गणिताच्या बाईंना पटेल अशा भाषेत द्यायला हवं होतं. मी त्यांना फ्रीडमन आणि फ्रेझर या दोन मानसशास्त्रज्ञांचा १९६६ सालचा कॅलिफोर्नियातला प्रयोग सांगितला. लोकांच्या घरापुढच्या अंगणात ‘सावकाश गाडी चालवा’ असा भलाथोरला, बेढब फलक लावू देता का, असं विचारलं. शेकड्याला जेमतेम सतरा लोक हो म्हणाले. पण ज्यांनी काही दिवस आधी याच विषयाची एक छोटीशी पाटी लावायला होकार दिला होता, त्यांच्यातले शहात्तर टक्के त्या मोठ्या फलकालाही तयार झाले. आधीचा होकार पुढच्या होकाराला ओढत नेतो. पहाडगंजच्या माणसाने हा प्रयोग वाचलेला नसणार, पण त्याला तो तोंडपाठ आहे. त्याने काकूंकडे टॅक्सीचे पैसे मागितलेच नाहीत. तिकीट बघायला मागितलं. मग दोन पावलं बाजूला यायला सांगितलं. मग रिक्षात बसायला. प्रत्येक पायरी इतकी लहान की तिथे नाही म्हणणं उर्मटपणाचं वाटावं. अशा माणसाला मूर्ख गिऱ्हाईक लागत नाही, सभ्य गिऱ्हाईक लागतं. समोरच्याने विचारलं तर उत्तर द्यावं, कोणी चहा दिला तर नाही म्हणू नये, हे ज्याच्या अंगात मुरलंय ते.

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘शहात्तर? बरेच की.’

पुढच्या भेटीत काकांना समोर बसवून मी स्पष्ट सांगितलं की किस्सा बंद. कोणी मागितला तरी नाही. ‘अहो, मजा म्हणून सांगतो,’ ते म्हणाले आणि जरा रुसलेच. त्यांची बाजूही समजते. हसण्यावारी नेलं की आपणही त्यात होतो हे झाकलं जातं. पण ते आवरल्याशिवाय बाकी सगळं फुकट होतं, आणि काका आवरले, हे त्यांच्या पदरात टाकायलाच हवं. एका साखरपुड्यात भाच्याने विषय काढला तेव्हा ते म्हणाले, ‘पैसे मी दिले होते, मला विचार.’ हे मला काकूंनी सांगितलं.

दरम्यान काकूंचा दुसरा उद्योग उघडकीला आला. रात्री अकरानंतर त्या फोनवर फसवणुकीचे व्हिडिओ बघत. रोम, बार्सिलोना, बँकॉक, जिथे जायचं नाही तिथलेही. वहीत क्रमांक घालून याद्या. तयारी केल्यासारखं वाटतं त्याने, पण होतं उलटं. यादी वाढते तशी भीती वाढते, आणि यादीत नसलेला पंचविसावा प्रकार असणारच याची खात्रीही. वही मी ठेवून घेतली. व्हिडिओ बंद करायला वेळ लागला, चुकून-माकून सुरूही झाले.

वहीच्या जागी एकच कसोटी दिली: पहिल्यांदा कोण बोललं? आपण कोणाला तरी शोधून विचारलं असेल तर तो माणूस बहुधा ठीक असतो. दुकानदार, पाळणागाडी ढकलणारी आई, बसचा चालक यांना काही आपली वाट बघायची नसते. पण प्रेक्षणीय जागी, स्टेशनच्या दारात, विमानतळाच्या बाहेर जो आपणहून गाठतो, त्याच्याशी व्यवहार नाही. तो कितीही भला दिसो. त्याने लावून दिलेला फोनही त्याचाच. गाडीची चौकशी करायची तर १३९ आपल्या फोनवरून आपण फिरवायचा.

मग काकूंनीच वहीतले पॅरिसचे प्रकार आठवून या कसोटीला लावून पाहिले. मोंमार्त्रच्या टेकडीवर साक्रे-कर चर्चकडे चढणाऱ्या पायऱ्यांवर रंगीत दोरेवाले उभे असतात. हसत हात पुढे करतात, आपण शिष्टाचार म्हणून हात दिला की बोटाला दोरा अडकवून मनगटावर झरझर विणायला लागतात, आणि गाठ बसल्यावर पैसे मागतात. गाठ सुटत नाही, आजूबाजूला त्याचेच चार जण. लूव्र आणि आयफेल टॉवरच्या परिसरात मुली कागद लावलेला पुठ्ठा घेऊन येतात, मूकबधिरांसाठी सही करा म्हणून. सही करताना नजर कागदावर आणि पर्स त्यांच्या मैत्रिणीकडे. सेन नदीच्या काठाने चालताना कोणीतरी वाकून सोन्याची अंगठी उचलतो, ‘तुमची पडली का?’ अंगठी पितळेची. तीन वाट्या आणि एक गोळीवाला खेळ तेवढा बोलवत नाही, नुसता मांडून बसतो. पण जिंकून टाळ्या पिटणारे भोवतालचे त्याचेच साथीदार आपणहून बोलतातच. विमानतळाच्या आत येऊन ‘टॅक्सी?’ विचारणारा तोच. तिथल्या अधिकृत टॅक्सीची रांग बाहेर असते आणि शहरात जायचा दर सरकारने ठरवून दिलेला असतो, नदीच्या उजव्या काठाला एक, डाव्याला दुसरा. सगळे एका सूत्रात बसले म्हणून काकू खूश.

खिसेकापू मात्र या सूत्रात बसत नाहीत, ते बोलतच नाहीत. तिथे अक्कल चालत नाही, व्यवस्था चालते. एप्रिल २०१३ मध्ये लूव्र संग्रहालय एक दिवस बंद राहिलं होतं, कारण पाकीटमारांच्या टोळ्यांना कंटाळून तिथल्या कर्मचाऱ्यांनीच काम थांबवलं. रोज तिथे उभं राहून डोळ्यांत तेल घालणाऱ्यांची ही गत, तर चार दिवसांच्या पाहुण्याने सगळ्यांवर नजर ठेवायची म्हणणं फुकाचं आहे. त्यापेक्षा पासपोर्ट कपड्याच्या आत, त्या दिवसापुरतीच रोकड वर, बाकीचे पैसे आणि एक कार्ड जोडीदाराच्या बॅगेत, मेट्रोत दाराजवळची जागा सोडून आत सरकायचं आणि फोन हातात धरून उभं राहायचं नाही, कारण दार मिटतामिटता तो ओढून उतरणारे असतात. कुर्तीला आतून खिसे लावून घेणं हे काकूंचं स्वतःचं डोकं. रावपुऱ्यातल्या शिंप्याने चोख लावून दिले.

खरं काम यानंतरचं होतं. कळणं वेगळं आणि हात मागे राहणं वेगळं. माझ्या खोलीतच मी दोरेवाली झाले, हसून हात पुढे केला, ‘नमस्ते, इंडिया?’ आणि काकूंचा हात आपसूक पुढे आला! दोघी हसलो. पुन्हा केलं. दुसऱ्यांदा हात आला नाही, पण ‘नको हो, थँक्यू, आम्हाला जरा घाई आहे’ असं लांबलचक स्पष्टीकरण आलं. स्पष्टीकरण म्हणजे संभाषण, आणि संभाषण हेच त्यांना हवं असतं. हळूहळू आम्ही ते मान हलवून, पाय न थांबवता पुढे जाण्यापर्यंत आणलं.

मग मंगळ बाजार. रविवारी संध्याकाळी तिथून जाऊन आलेल्यांना सांगायला नको. दोन्ही बाजूंनी ‘आवो बेन, जोई तो लो!’ आणि कोणीतरी ओढणी थेट खांद्यावरच टाकतो. काकूंना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कोणालाही उत्तर न देता चालायचं होतं. पहिल्या खेपेला त्या दोन उशांचे अभ्रे घेऊन परतल्या. ‘बिचारा फार गोड बोलत होता.’ ते भामटे नव्हेत, पोटासाठी ओरडणारी साधी माणसं आहेत, म्हणूनच सरावाला ती जागा चांगली. चुकलं तरी अभ्र्यांवर भागतं. भीती घालवायला अशा पायऱ्या लागतात. सोप्या प्रसंगात पुन्हा पुन्हा जाऊन यावं लागतं, नुसता धीर देऊन ती जात नाही.

फसल्यावर काय करायचं तेही आधीच लिहून ठेवलं, कारण ‘पुढे काय?’ हे माहीत नसतं तोवर भीतीला तळ नसतो. मुलीचा पत्ता, तिचा आणि जावयाचा नंबर कागदावर, कारण फोनच गेला तर? पासपोर्टच्या प्रती दोघांकडे. ११२ हा आणीबाणीचा क्रमांक फ्रान्समध्येही तोच. पासपोर्ट गेला तर आधी पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास. देशात पैसे ऑनलाइन गेले तर ताबडतोब १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. आपल्या परवानगीशिवाय, बाहेरच्या कोणाच्या करामतीने खात्यातून पैसे उडाले आणि तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळवलं, तर तोटा ग्राहकावर येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. स्वतः पिन टाकून दिलेल्या पैशांना मात्र ही सवलत धरून चालू नये, म्हणून १९३० ला जितकी घाई तितकी बरी. आणि पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही, हे काकांना दोनदा सांगितलं.

दोघं गेले. दोरेवाल्यांपुढून काकू खिशात हात घालून पार झाल्या. पण मेट्रोत फोन गेला. काकूंचा नव्हे, काकांचाही नव्हे, त्याच शहरात राहणाऱ्या मुलीचा. तिने दारापाशी उभं राहून मेसेज वाचायला काढला आणि पुढच्या स्टेशनवर तो हातातून गेला. मुलगी रडवेली. काकूंनी पर्समधून कागद काढला, जावयाचा नंबर त्यावर होताच, काकांच्या फोनवरून त्याला कळवलं, सिम बंद करवलं, आणि मुलीबरोबर पोलिस चौकीत जाऊन तक्रारीची प्रत घेऊन आल्या. विम्याला ती लागते.

परत आल्यावर त्या एकदा भेटून गेल्या. मुलीच्या फोनची गोष्ट घरात कोणाला सांगितलेली नाही, म्हणाल्या. अजूनही गर्दीत त्या पर्स छातीशी धरतात. ‘याच्यावर काही करायला हवं का?’ असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी नाही म्हटलं. झोप लागते, बाहेर पडता येतं, मग पर्स कुठे धरायची हा ज्याचा त्याचा प्रश्न. पुढची वेळ आम्ही ठरवली नाही.