सरकारी दवाखान्यातून लिहून दिलेली औषधे रुग्ण पुढे नेतच नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्राने काय करावे?

रक्तदाब आणि मधुमेहाचे रुग्ण पहिल्या एक-दोन भेटींनंतर औषधे न्यायला येत नाहीत, तेव्हा त्यांचे समुपदेशन वाढवावे की मोबाइलवर आठवण देणारे ॲप वापरावे, असे आपण विचारले आहे. सातारा जिल्ह्याच्या डोंगरी भागातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधनिर्माण अधिकारी म्हणून मी बरीच वर्षे औषधखिडकीच्या आत बसलो आहे. रुग्णच निष्काळजी असतो असे गृहीत धरणारा प्रश्न दिसला की मला गप्प राहवत नाही.

२००९ च्या सुमारास आमच्याकडे रक्तदाबाच्या गोळ्या एका वेळी सातच दिवसांच्या द्यायच्या, असा तेव्हाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचा दंडक होता. वरच्या वाडीतील एक आजी ॲम्लोडिपिन घेत असत. डोंगर उतरून फाट्यावर यायचे, एसटीची वाट पाहायची, ओपीडी बंद होण्याआधी केसपेपर काढायचा आणि सात गोळ्या घेऊन परत चढायचे, यात त्यांचा दिवस जाई. भातलावणीच्या दिवसांत मजुरीही बुडे. एकदा त्या पंधरा दिवसांनी आल्या, रक्तदाब १९० वर गेलेला, आणि साहेबांनी केसपेपरवर तांबड्या शाईने ‘अनियमित’ असे लिहिले. खिडकीशी मी कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊ, येक दिसाआड खाते. पुरवाय नगंत व्हय?" सात गोळ्या चौदा दिवस पुरवणाऱ्या बाईला निष्काळजी म्हणणे मला तेव्हाही पटले नाही. मी तीस गोळ्या द्याव्यात असे सुचवले, त्यावर "फुकटचे आहे म्हणून घरात साठवून ठेवतील, आणि दर आठवड्याला आल्या तर तपासणी तरी होते" असे उत्तर मिळाले. गर्दीच्या दिवशी ती तपासणी कितीशी होत असे, हे मी खिडकीतून पाहतच होतो.

साठा संपला की बाहेरची चिठ्ठी दिली जाई. औषधांचे दुकान तालुक्याच्या गावी. कितीतरी चिठ्ठ्या पुढच्या खेपेला तशाच घडी घातलेल्या माझ्यासमोर आल्या. म्हणून माझ्या मते पहिले काम औषधसाठ्याचे मागणीपत्र वेळेवर पाठवण्याचे आहे, समुपदेशन त्यानंतरचे.

२०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे आले. ठरलेल्या मोजक्या औषधांची उपचारपद्धती, तीस दिवसांच्या गोळ्या, आणि शक्य तेथे गावाजवळच्या उपकेंद्रातच पुढचा पुरवठा, ही त्याची रीत होती. ज्या मागणीसाठी मी साहेबांची बोलणी खाल्ली होती तीच पुढे छापील सूचनेत आली. त्या दिवशी मी ते पान दोनदा वाचले, हे कबूल करतो.

दुसरे असे की ॲम्लोडिपिनने काहींच्या पायांवर सूज येते, आणि हे आधी कोणी सांगितलेले नसेल तर माणूस गोळी आपणहून बंद करतो. रक्तदाब उतरला म्हणजे आजार गेला, असेही अनेकांना वाटते. ही दोन वाक्ये औषध देणाऱ्यानेच खिडकीशी बोलावीत. ॲप गोळीची आठवण देईल, पण संपलेली पट्टी भरून देणार नाही; शिवाय फोन बहुधा मुलाकडे असतो आणि मुलगा मुंबईला.

साहेबांच्या बाजूनेही थोडे सांगायला हवे. नव्या रुग्णाला पहिल्याच दिवशी महिन्याच्या गोळ्या देऊन मोकळे होणे योग्य नाही, आणि डोस बसेपर्यंत लवकर बोलावणे आवश्यकच असते. साठा खरोखर तुटपुंजा असेल तर सर्वांना तीस गोळ्या देताही येत नाहीत. मात्र त्या आजींचा डोस वर्षभरात एकदाही बदललेला नव्हता, आणि त्या महिन्यात ॲम्लोडिपिनचे खोके माझ्या मागच्या कपाटात भरलेले होते.