बाईंना विचारा : नातू इंग्रजी गाणी म्हणतो, पण पाणी मागत नाही

प्रश्न : बाई, नातू सव्वादोन वर्षांचा आहे. मुलगा यंत्रमागावर जातो, सून घरी विड्या वळते. ती सूप घेऊन बसली की पोरगं अंगावर चढतं, म्हणून मोबाईलवर कार्टूनची गाणी लावून देते. जेवतानाही तेच, नाहीतर तोंड उघडत नाही. आता तो ए पासून झेडपर्यंत सगळं म्हणतो, रंगांची इंग्रजी नावं सांगतो. पण तहान लागली की माझा हात धरून माठाकडे ओढतो. ‘पाणी’ म्हणत नाही, आमच्या तेलुगूत ‘नीळ्ळू’ पण म्हणत नाही. हाक मारली तर कधी बघतो, कधी नाही. शेजारीण म्हणते, घरात दोन भाषा आहेत म्हणून घोटाळा झालाय. सून म्हणते, गाण्यातनं शिकतोय की. खरं काय समजायचं?
— एक आजी, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : अक्का, पहिलं काम नातवाचे कान तपासून घ्यायचं. दोन वर्षं पूर्ण झालेलं मूल ‘दूध दे’, ‘बाबा आला’ असे दोन शब्द जोडून आपणहून बोलायला लागलेलं असतं. गाण्यातलं पाठ झालेलं यात धरत नाहीत. तो बोलत नाही आणि हाकेला दरवेळी वळत नाही, म्हणजे बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं, श्रवण चाचणी करायची आणि त्याचं बोलणं-वागणं त्यांच्यासमोर सविस्तर सांगायचं. ‘याचा बाप पण उशिरा बोलला’ म्हणून थांबू नका. ‘आधी मोबाईल बंद करून बघू, मग दाखवू’ असंही नको. दोन्ही एकाच आठवड्यात करा. अंगणवाडीत त्याचं नाव असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा तिथं तपासणीला येतं, सेविकेला तारीख विचारून ठेवा. तारीख लांबची निघाली तर तिच्यावर विसंबू नका.

दोन भाषांचं म्हणणं मनातून काढून टाका. अशोक चौकाच्या मागच्या अंगाला मी बालवाडी चालवली, तिथं घरी तेलुगू, गल्लीत कन्नड आणि शाळेत मराठी अशी मुलं सर्रास असायची. सुरुवातीला एका वाक्यात तिन्ही भाषा यायच्या, पुढं आपोआप निवळायचं. दोन भाषांमुळं मूल बोलायचं थांबत नाही. तुम्ही नि सूनबाई ज्या भाषेत त्याला कुरवाळता, दटावता, त्याच तेलुगूत भरभरून बोला. कुणी सांगितलं म्हणून मोडक्या इंग्रजीत बोलू नका, ही माझी विनंती आहे.

आता गाण्यांचं. तुमच्या सुनेला वाटतं तसं बऱ्याच शिकलेल्या घरांतही वाटतं. २००३ साली अमेरिकेत पॅट्रिशिया कूल यांच्या गटाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. घरी फक्त इंग्रजी ऐकलेली नऊ महिन्यांची बाळं घेतली. काहींच्या समोर चिनी बोलणारी माणसं बसली, पुस्तक वाचून दाखवलं, खेळणी खेळली. काहींना तीच माणसं टीव्हीवर दाखवली. प्रत्यक्ष माणसासोबत बसलेली बाळं चिनीतले आवाज वेगळे ओळखायला शिकली. टीव्हीसमोरच्या बाळांना त्यातलं काही आलं नाही. पुढं २०१४ साली आणखी एक अभ्यास आला. त्यात दोन-अडीच वर्षांची मुलं व्हिडिओ कॉलवरच्या माणसाकडून नवे शब्द शिकली, आधी चित्रित केलेल्या व्हिडिओतून मात्र शिकली नाहीत. दोन्हीकडे पडदाच होता. पण कॉलवरचा माणूस मुलाकडं बघतो, त्याच्या बोलण्यापाशी थांबतो, मग उत्तर देतो. म्हणून हैदराबादचा मामा फोनवर दिसत असेल तर खुशाल बोलू द्या.

तुमचा मुलगा मागावर जातो, म्हणून तुम्हाला हे लगेच कळेल. हातमाग विणकराच्या हाताबरोबर चालतो, हात थांबला की तोही थांबतो. यंत्रमाग माणूस पाणी प्यायला गेला तरी खडखडत राहतो. मोबाईलवरचं गाणं तसं आहे. नातू बोलला काय, न बोलला काय, ते पुढं जातं. तो रंगांची नावं म्हणतो, पण ती कुणाला सांगत नाही, कारण त्या गाण्यानं त्याला कधी काही विचारलेलंच नाही.

गाणी मात्र सोडू नका. गाणं मुलाला फार लागतं! तळहातावर बोट टेकवून मोराला बसायला बोलवायचं, आपडी-थापडी करायची, मांडीवर घेऊन झुलवायचं, हे तुमच्या हातात आहे. तेलुगूतली तुमच्या आईची गाणी आठवत असतील तर तीच म्हणा, त्याहून चांगलं काही नाही. एकच ओळ रोज म्हणा आणि शेवटचा शब्द गाळून त्याच्या तोंडाकडं बघत थांबा. मनात पाचपर्यंत मोजा. त्यानं आवाज केला, हात हलवला, नुसता तुमच्याकडं बघून हसला तरी शब्द पुरा करा. माठाकडं ओढतो तेव्हाही तसंच. पेला हातात धरा, ‘नीळ्ळू?’ विचारा, थोडं थांबा, मग द्या. तहानेला मात्र अडवून ठेवू नका, रडवून शब्द येत नाही.

सुनेला बोल लावू नका, अक्का. विड्यांची मजुरी हजाराच्या हिशेबानं मिळते, हात थांबला की पैसा थांबतो. तिनं पोराला गप्प बसवायला जे हाताशी होतं ते वापरलं. तसंही तंबाखूचं सूप आणि लहान मूल एका जागी नसलेलंच बरं, तेव्हा त्या वेळात नातू तुमच्याकडं असू द्या. डबे, झाकणं, रिकाम्या मोठ्या कांड्या एवढ्यावर तो रमतो. दुपारी मुलगा घरी असेल तर त्यालाही सांगा की सिद्धेश्वर तलावावर घेऊन जा, पण फोन खिशात ठेवून.

जेवणाचं थोडं कठीण जाईल. गाणं चालू असलं की मूल न बघता गिळतं, पोट भरलेलं त्याला कळत नाही. त्याला सगळ्यांच्या पंगतीत बसवा, वरणात कुस्करलेली भाकरी त्याच्या वाटीत घाला आणि त्याच्या हातानं सांडू द्या. अर्ध्या तासात जेवण उरकायचं, राहिलं तर राहू दे, पुढच्या वेळेला भूक लागेल. पहिले काही दिवस रडारड होईल. त्या वेळी घरातल्या कुणीही, आजोबांनीसुद्धा, गुपचूप फोन द्यायचा नाही.

प्रश्न : बाई, मुलगी साडेतीन वर्षांची आहे. बालगीतांचे कुठले व्हिडिओ दाखवावेत? एक संपला की दुसरा आपोआप लागतो आणि कधी कधी भलतेच काहीतरी येतात.
— एक वडील, जुळे सोलापूर

उत्तर : दादा, आपोआप लागणं आधी बंद करा. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये ऑटोप्ले बंद करता येतो. यूट्यूब किड्समध्ये तर तुम्ही निवडलेलेच व्हिडिओ दिसतील अशी सोय आहे, वेळ लावायचं घड्याळही आहे. ओळखीच्या कार्टूनचे चेहरे लावून भयंकर प्रसंग दाखवणारे व्हिडिओ २०१७ मध्ये मोठ्या संख्येनं सापडले होते, म्हणून नुसतं कार्टून दिसतंय यावर भरवसा ठेवू नका. २०२० पासून मुलांसाठीच्या व्हिडिओंवर मुलाच्या पाहण्यावरून निवडलेल्या जाहिराती आणि खालच्या प्रतिक्रिया बंद आहेत, पण बाकीच्या जाहिराती असतातच.

किती लोकांनी पाहिलं, यावरही निवडू नका. दक्षिण कोरियाचं ‘बेबी शार्क’ २०२२ च्या जानेवारीत एक हजार कोटी वेळा पाहून झालं होतं. हा आकडा एकच मूल तेच पुन्हा पुन्हा बघतं म्हणूनही वाढतो. चेन्नईच्या चुचू टीव्हीसारखी आपल्याकडची वाहिनी असली तरी प्रत्येक व्हिडिओ तुमच्या डोळ्याखालून जायला हवा.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितला आहे, कमी तितकं चांगलं. मी मुलीसाठी वीस मिनिटं म्हणेन, तेही तुम्ही शेजारी बसून. २०११ च्या एका अमेरिकन अभ्यासात चार वर्षांच्या मुलांना नऊ मिनिटं भरधाव कार्टून दाखवलं. त्यानंतर धीर धरण्याच्या, लक्ष देण्याच्या कामांत ती मुलं चित्रं रंगवत बसलेल्या मुलांपेक्षा मागं पडली.

तेव्हा प्रत्येक व्हिडिओ आधी आवाज बंद करून एकट्यानं पाहा. चित्र दर एक-दोन सेकंदाला बदलत असेल तर तो वगळा. ज्यात एक प्राणी किंवा एक माणूस बराच वेळ समोर राहतो आणि ओळ संपल्यावर जरा शांतता असते, असे पाच-सहा मराठी व्हिडिओ निवडून ठेवा आणि तेच फिरवून फिरवून दाखवा. मुलांना तेच ते आवडतं, नवीन आपल्यालाच हवं असतं.